मारिंदुके : बेटाच्या पोटातले तांबे

भूगोलाच्या पुस्तकात कोणत्याही प्रदेशाच्या धड्याची मांडणी बहुधा ठरलेली असते. स्थान, विस्तार, हवामान, पिके आणि शेवटी 'खनिजसंपत्ती'. खनिजसंपत्तीखाली एक-दोन शब्द असतात : तांबे, लोखंड, बॉक्साइट. विद्यार्थी ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात, आणि धडा तिथे संपतो. पण ही संपत्ती जमिनीतून बाहेर येते तेव्हा नेमके काय घडते? ती कुणाकडे जाते आणि मागे काय उरते? या प्रश्नाचे उत्तर मोठ्या देशाच्या नकाशावर शोधणे अवघड असते, कारण तिथे कारण आणि परिणाम यांच्यामध्ये शेकडो मैल असतात. लहान बेटावर मात्र सगळे नजरेच्या टप्प्यात असते. म्हणून या लेखात आपण फिलिपिन्समधल्या मारिंदुके नावाच्या एका छोट्या बेटाचा इतिहास पाहणार आहोत.

नकाशातला बिंदू

ॲटलासमध्ये फिलिपिन्सचे पान काढावे. उत्तरेला लुझॉन हे सर्वांत मोठे बेट दिसेल. त्याच्या दक्षिणेला, मिंदोरो बेटाच्या पूर्वेकडे, जवळजवळ गोल आकाराचा एक ठिपका आहे. तो मारिंदुके. अक्षांश साधारण १३.४ अंश उत्तर, म्हणजे आपल्या चेन्नई-बंगळूरच्या थोडे वर. क्षेत्रफळ सुमारे ९५० चौरस किलोमीटर, गोव्याच्या पावपट. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २,३९,२०७. सहा नगरपालिकांचा हा एक स्वतंत्र प्रांत आहे आणि बोआक हे त्याचे मुख्य ठिकाण.

बेटाचा आकार हृदयासारखा आहे आणि ते देशाच्या साधारण मध्यावर आहे. त्यामुळे तिथले लोक त्याला 'फिलिपिन्सचे हृदय' म्हणतात. हा केवळ अभिमानाचा भाग नाही. मोजणीच्या शास्त्रातही या बेटाला खास स्थान आहे. एखाद्या देशाचा अचूक नकाशा करायचा तर एक आरंभबिंदू पक्का करावा लागतो आणि तिथून त्रिकोणांचे जाळे विणत सर्व देश मोजावा लागतो. भारताच्या मोजणीत हे काम मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरच्या बिंदूने केले. फिलिपिन्ससाठी १९११ मध्ये असा बिंदू ठरला तो मारिंदुकेच्या उत्तर किनाऱ्याजवळचा, बालानाकान इथला. सात हजारांहून अधिक बेटांच्या त्या देशातल्या प्रत्येक गावाचे अक्षांश-रेखांश दीर्घकाळ या एका बिंदूपासून मोजले गेले.

असे हे नकाशाच्या केंद्रातले बेट. पण सत्तेच्या केंद्रापासून ते किती दूर होते, हे पुढच्या इतिहासातून दिसते.

डोंगर, नद्या आणि माती

मारिंदुकेचा जन्म ज्वालामुखींशी जोडलेला आहे. बेटाच्या दक्षिण टोकाला मालिंदिग हा ११५७ मीटर उंचीचा ज्वालामुखी पर्वत आहे. ऐतिहासिक काळात त्याचा उद्रेक झाल्याची नोंद नाही, पण त्याच्या परिसरात गंधकयुक्त गरम पाण्याचे झरे आहेत. बेटाचा मधला भाग डोंगराळ आहे आणि सपाट जमीन फक्त किनाऱ्यालगत व नदीमुखांशी आहे. नद्या डोंगरात उगम पावतात आणि पंचवीस-तीस किलोमीटरमध्ये समुद्राला मिळतात. आपल्या कोकणातल्या नद्या आठवाव्यात. या त्यांच्याहूनही आखूड. पावसाळ्यात वादळे आली की अशा नद्या काही तासांत फुगतात. डोंगरावर पडलेले पाणी आणि त्याबरोबरची माती एका दिवसात समुद्रात पोहोचते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढची सारी कथा तिच्यावर उभी आहे.

मायोसीन काळात (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वी) इथे भूपृष्ठाखाली शिलारस थिजला. त्यातून निघालेल्या उष्ण, क्षारयुक्त पाण्याने भोवतालच्या खडकांच्या बारीक भेगांमध्ये तांब्याची आणि लोहाची सल्फाइडे साठवली. अशा साठ्यांना पॉर्फिरी तांबे म्हणतात. त्यांचे वैशिष्ट्य असे की साठा प्रचंड असतो, पण तांबे विरळ असते. सगळ्या खडकात ते मिठासारखे विखुरलेले असते.

हे तांबे डोंगरात लाखो वर्षे पडून होते. लोकांचे जगणे वरच्या मातीवर चालले होते : नदीकाठी भात, किनाऱ्यावर नारळ, डोंगरउतारावर अबाका. अबाका ही केळीची एक जात. तिच्या सोपटांतून निघणारा धागा खाऱ्या पाण्यात कुजत नाही. 'मनिला हेम्प' म्हणून जगभरच्या जहाजांचे दोर यापासून होत. आणखी एक पीक म्हणजे आरारूट. आपल्याकडे आजाऱ्याला ज्याची खीर देतात तेच. मूळचे अमेरिकेतले हे कंद इथे चांगले रुजले आणि त्याच्या पिठाची बिस्किटे आजही या बेटाची ओळख आहेत.

गुहांपासून लाल मातीपर्यंत

बेटाचा लिखित इतिहास स्पॅनिश लोकांबरोबर सुरू होतो, पण वस्ती त्याआधीची आहे. १८८१ मध्ये आल्फ्रेड मार्श हा फ्रेंच संशोधक इथल्या चुनखडीच्या गुहांमध्ये उतरला. त्याला दफनाच्या जागा, लाकडी शवपेट्या, दागिने आणि चिनी बनावटीची भांडी सापडली. म्हणजे स्पॅनिश जहाजे येण्यापूर्वीच हे बेट चीनशी चालणाऱ्या व्यापाराच्या वाटेवर होते. बेट एकाकी असते ही आपली समजूत असते. पण जुन्या काळी समुद्र हाच रस्ता होता आणि डोंगर हा अडथळा.

स्पॅनिश काळात दक्षिणेकडून होणाऱ्या सागरी हल्ल्यांपासून बचावासाठी बोआकचे चर्च तटबंदीसह टेकडीवर बांधले गेले. त्याच परंपरेतला 'मोरियोनेस' हा उत्सव आजही ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात होतो. रोमन शिपायांचे लाकडी मुखवटे घालून गावकरी आठवडाभर रस्त्यांतून फिरतात.

१८९८ मध्ये स्पेनने फिलिपिन्स अमेरिकेला विकले. विकत घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने तिथल्या लोकांना विचारले नव्हते. युद्ध पेटले. १३ सप्टेंबर १९०० रोजी मारिंदुकेच्या पूर्व भागात तोरिहोसजवळ कर्नल माक्सिमो आबाद यांच्या बंडखोरांनी कॅप्टन शील्ड्सच्या सुमारे पन्नास सैनिकांच्या अमेरिकन तुकडीला घेरले. काही मारले गेले, बाकीचे जखमी कॅप्टनसह कैद झाले. या जागेचे नाव 'पुलांग लुपा'. तागालोग भाषेत त्याचा अर्थ आहे 'लाल माती'.

या पराभवाने अमेरिकन सेनाधिकारी हादरले. पंधरा वर्षांवरील सर्व पुरुषांना शत्रू समजून ओलीस धरावे, असा आदेश वरून आला. खेडी व धान्य जाळले गेले, आणि डोंगरातल्या लोकांना किनाऱ्यावरच्या मोजक्या गावांमध्ये आणून पहाऱ्यात ठेवले गेले. बंडखोरांना अन्न मिळू नये हा त्यामागचा हेतू. तेव्हा बेटाची लोकसंख्या सुमारे पन्नास हजार होती. एप्रिल १९०१ मध्ये आबाद शरण आले. पुढे २१ फेब्रुवारी १९२० रोजी मारिंदुकेला पुन्हा वेगळ्या प्रांताचा दर्जा मिळाला आणि १९४६ मध्ये देश स्वतंत्र झाला.

इथपर्यंतच्या इतिहासात बेटाच्या पोटातल्या तांब्याचा उल्लेख नाही. तांब्याचा इतिहास सुरू होतो तो स्वातंत्र्यानंतर.

अर्धा टक्का तांबे

१९६९ मध्ये सांता क्रूझच्या डोंगरात तापियान इथे मार्कॉपर कंपनीची उघडी खाण सुरू झाली. तिच्यातला सुमारे चाळीस टक्के हिस्सा आणि व्यवस्थापन कॅनडाच्या प्लेसर कंपनीकडे होते. राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांची सत्ता १९८६ मध्ये गेल्यावर उघड झाले, की जवळजवळ निम्मा हिस्सा त्यांच्या ताब्यातल्या आडपडद्याच्या कंपन्यांकडे होता.

आता थोडे गणित करू. अशा खाणीतल्या खडकात तांब्याचे प्रमाण शेकडा अर्ध्याच्या आसपास असते. म्हणजे एक टन, अर्थात १००० किलो खडकात ५ किलो तांबे. खडक दळून पीठ करतात, पाणी व रसायने घालून घुसळतात आणि फेसाबरोबर वर येणारी तांब्याची खनिजे काढून घेतात. या सांद्रित खनिजात तांबे साधारण २५ टक्के धरले, तर एका टनातून २० किलो सांद्रित खनिज मिळते. उरलेले ९८० किलो हा टाकाऊ गाळ. शिवाय खनिजापर्यंत पोहोचण्यासाठी वरचा जो निरुपयोगी खडक काढावा लागतो तो वेगळाच.

वीस किलो जहाजात चढते. त्या काळी फिलिपिन्सचे बहुतेक सांद्रित खनिज जपानच्या भट्ट्यांकडे जाई. उरलेले ९८० किलो बेटावरच राहते. ते ठेवायचे कुठे?

मोठ्या सपाट मुलखात गाळासाठी विस्तीर्ण तलाव बांधता येतात. इथे डोंगर, त्याखाली भाताची चिंचोळी पट्टी आणि पुढे लगेच समुद्र. खाण तर बेटाच्या उंच भागात, जिथून पाणी वेगवेगळ्या दिशांना वाहते. त्यामुळे गाळाची समस्या एका दिशेने सोडवू गेले की ती दुसऱ्या दिशेने उभी राही. तीन दशकांत नेमके हेच घडले.

पहिली दिशा : उत्तरेचा उपसागर

१९७५ पासून गाळ नळावाटे उत्तरेच्या कालांकान उपसागरात, उथळ पाण्यात सोडला जाऊ लागला. ३० जून १९९१ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षे, हे चालले. एकूण गाळ सुमारे २० कोटी टन. दिवसाची सरासरी विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावी : ती ३४ हजार टन येते. दहा टनी मालमोटारी धरल्या तर रोज ३,४०० मालमोटारी. एक घनमीटर गाळाचे वजन दीड टन मानून हा सारा गाळ संपूर्ण बेटावर सारखा पसरला, तर सुमारे १४ सेंटिमीटर जाडीचा थर होईल. भाताचे कोवळे रोप पुरले जाईल एवढा.

उपसागरात प्रवाळ होते, समुद्री गवताची कुरणे होती आणि त्यांच्यावर वाढणारे मासे होते. बारीक गाळाने ती झाकली गेली. गाळाचा एक लांबच लांब बांधच समुद्रात तयार झाला. भरती-ओहोटीत कोरडा पडणारा भाग वाऱ्याने उडून गावांमध्ये येई. मच्छीमार तक्रारी करत राहिले. प्रदूषण नियंत्रण करणाऱ्या सरकारी यंत्रणेने बंदीचे आदेश काढले, पण ते वरून फिरवले गेले. १९८८ मध्ये तडजोड अशी झाली, की कंपनीने गाळ टाकत राहावे आणि उपसागराच्या सुधारणेसाठी दिवसाला ३०,००० पेसो भरावेत. या पैशांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००० मध्ये निकालात निघाला. त्याआधी, १९९८ मध्ये, किनाऱ्यावरच्या मुलांच्या रक्तात शिसे आढळल्यानंतर सरकारने त्या गावांमध्ये आपत्कालीन स्थिती जाहीर केली होती.

दुसरी दिशा : मोगपोग नदी

तापियानचे खनिज संपत आले तेव्हा कंपनी जवळच्या सान आंतोनियोच्या साठ्याकडे वळली. तिथला टाकाऊ खडक आणि माती मोगपोग नदीत वाहून जाऊ नये म्हणून मागिला-गिला ओढ्यावर मातीचा बांध घातला गेला. खालच्या गावांचा त्याला विरोध होता. डिसेंबर १९९३ मध्ये वादळी पावसात तो फुटला. पुरात मोगपोग गाव सापडले आणि दोन मुले दगावली.

इथे रसायनशास्त्राचा एक मुद्दा समजून घ्यायला हवा. टाकाऊ खडकात पायराइट, म्हणजे लोहाचे सल्फाइड असते. डोंगराच्या पोटात ते हवेपासून दूर आणि निरुपद्रवी होते. खडक फोडून उघड्यावर टाकला की हवा, पाणी आणि काही जिवाणू यांच्यामुळे त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि सल्फ्युरिक आम्ल तयार होते. हे आम्ल खडकातले उरलेसुरले तांबे विरघळवते. माणसाला अल्प प्रमाणात तांबे लागते, पण पाण्यातल्या जिवांना विरघळलेले तांबे अतिशय घातक असते. कोकणातल्या सुपारीच्या बागांवर फवारतात त्या बोर्डो मिश्रणात मोरचूद असते. बुरशी मारण्याचे काम त्यातले तांबेच करते. नदीत ते उतरले की शेवाळ, कोळंबी आणि माशांची पिल्ले यांच्यावर तोच परिणाम होतो. बांध फुटण्याचा अपघात एका रात्रीचा असतो. आम्लाचा निचरा खाण बंद झाल्यावरही अनेक दशके चालू राहतो.

तिसरी दिशा : बोआक नदी

कालांकानचा मार्ग बंद झाल्यावर गाळासाठी नवी जागा निवडली गेली ती तापियानचाच रिकामा खड्डा. कल्पना वाईट वाटत नाही : जिथून काढले तिथेच ठेवले. पण खाण चालू असताना खड्ड्यातले पाणी काढण्यासाठी तळाकडून एक बोगदा खणलेला होता, आणि तो माकुलापनित नदीकडे उघडत होता. ही नदी पुढे बोआकला मिळते. बोगद्याला काँक्रीटचे बूच मारून खड्डा भरायला सुरुवात झाली.

पाण्याची उंची दर दहा मीटरने वाढली की तळावरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलोने वाढतो. गाळ पाण्याहून जड, म्हणून त्याचा दाब आणखी जास्त. खड्डा भरत गेला तसा बुचावरचा व भोवतालच्या खडकावरचा दाब वाढत गेला. २४ मार्च १९९६ रोजी ते बूच निकामी झाले. पुढच्या दिवसांत सुमारे १६ लाख घनमीटर गाळ नदीत आला. शाळेचा एक वर्ग ७ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३.५ मीटर उंच धरला, तर जवळजवळ अकरा हजार वर्ग काठोकाठ भरतील एवढा हा गाळ. खाणीपासून समुद्रापर्यंतचे नदीचे सुमारे २७ किलोमीटरचे पात्र त्याने भरून गेले. हिनापुलान हे गाव गढूळ पाण्याखाली गेले आणि काठावरच्या इतर गावांना हलवावे लागले. पिण्याचे पाणी, भाताच्या शेताला मिळणारे पाणी आणि रोजची मासळी एकाच वेळी गेली. सरकारने नदी मृत झाल्याचे जाहीर केले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांचे पथक पाहणीला आले. खाण बंद पडली ती कायमची.

हिशेब कुणी चुकवायचा?

१९९७ मध्ये प्लेसर डोम कंपनी मार्कॉपरमधून बाहेर पडली. २००६ मध्ये ती कंपनीच बॅरिक गोल्ड या दुसऱ्या कॅनेडियन कंपनीने विकत घेतली. मारिंदुकेच्या प्रांतिक सरकारने २००५ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात दावा लावला. नुकसान फिलिपिन्समध्ये, कंपनी कॅनडाची आणि दावा अमेरिकेत, मग ऐकायचे कुणी, या मुद्द्यावरच बरीच वर्षे गेली. २०१५ मध्ये नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने हे न्यायालय या दाव्यासाठी योग्य जागा नाही, असा निकाल कायम केला. त्याआधी पुढे आलेला सुमारे दोन कोटी डॉलरच्या तडजोडीचा प्रस्ताव प्रांताने अपुरा म्हणून नाकारला होता.

फिलिपिन्समध्येही खटले चालले. २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बोआकच्या एकाच घटनेबद्दल पाणी, प्रदूषण, खाणकाम आणि निष्काळजीपणा या चार वेगवेगळ्या कायद्यांखाली खटले चालवता येतील. आणि मोगपोगच्या पुराबद्दल २००१ मध्ये रहिवाशांनी लावलेल्या दाव्यात स्थानिक न्यायालयाने तीस जणांच्या बाजूने निकाल दिला तो मे २०२२ मध्ये. पुरानंतर साडेअठ्ठावीस वर्षांनी.

बेट थांबले नाही. नारळ आहेत, भात आहे, आरारूटची बिस्किटे आहेत, मोरियोनेसचे मुखवटे आहेत. गासान परिसरात फुलपाखरे वाढवून त्यांचे कोष देशात व परदेशात पाठवण्याचा व्यवसाय वाढला. हा व्यवसाय ज्यावर चालतो ती साधनसंपत्ती म्हणजे सुरवंटांना लागणाऱ्या झाडांची पाने. ती संपत नाही, फक्त झाडे राहू द्यावी लागतात. पण डोंगरातला खड्डा आणि त्याभोवतीचे टाकाऊ खडकांचे ढीग तिथेच आहेत, आणि दर पावसाळ्यात पाणी त्यांच्यातून झिरपते.

वर्गात काय करता येईल?

मारिंदुकेची माहिती पाठ करून घ्यावी असे आम्हाला वाटत नाही. पण 'खनिजसंपत्ती' शिकवताना दोन रकान्यांचा एक तक्ता फळ्यावर काढता येईल. पहिल्या रकान्यात 'बाहेर काय गेले' आणि दुसऱ्यात 'मागे काय राहिले'. मारिंदुकेसाठी पहिल्या रकान्यात तांबे येईल, करांतून मिळालेले पैसे येतील, आणि सत्तावीस वर्षांची मजुरी कोणत्या रकान्यात घालायची यावर वर्गात वाद होईल. तो व्हावा. खाणीत काम करणाऱ्यांची घरे त्याच मजुरीवर चालली होती, आणि खाण बंद झाल्यावर ते बेरोजगार झाले, हेही खरे आहे.

नंतर हाच तक्ता आपल्या जवळच्या एखाद्या खाणीचा, दगडाच्या क्वारीचा किंवा वाळूच्या उपशाचा करावा. विद्यार्थ्यांनी जवळच्या नदीचा नकाशा काढावा आणि वरच्या अंगाला टाकलेली वस्तू कोणकोणत्या गावांवरून जाईल ते लिहावे. मारिंदुकेत हे अंतर २७ किलोमीटर होते म्हणून सर्वांना दिसले. आपल्या नद्या लांब आहेत. त्यांच्या खालच्या अंगाला कोण राहते, हे नकाशा काढल्याशिवाय कळत नाही.